एकात एक पाच पायऱ्या

बेंगळुरातल्या श्रीरामपुराच्या उतारावरच्या वठारात कल्लाप्पा सुताराविषयी एक बोलणे ठरून गेले होते. रस्त्यात कुणी माणूस खाली वाकलेला दिसला की लोक म्हणत, ‘‘पैसा सापडला असेल तर दुसरा कुणी, खिळा सापडला असेल तर आपला कल्लाप्पा.’’ शेजारच्या गोदूबाई त्यावर आपली भर घालीत, ‘‘त्याला स्वर्गात नेलं तरी तो दाराशीच थांबेल. म्हणेल, बिजागरी वाकडी बसली आहे.’’ भागुबाईच्या कानावर हे सगळे येई. नवऱ्याची थट्टा तिला फारशी लागत नसे. खोलीत पाय ठेवायला जागा नसताना हा गृहस्थ वाकडे खिळे घेऊन घरी येतो, हे तिचेही गाऱ्हाणे होतेच.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती बांधलेली आठ बिऱ्हाडे, मध्ये एक नळ आणि एक धुण्याचा दगड. प्रत्येकाला एक खोली आणि तिच्या पाठीमागे चुलीपुरता आडोसा. बायकांची धुणी आटोपून मुले शाळेतून परत येईपर्यंत अंगण मोकळे असे, आणि तेवढाच वेळ ती कल्लाप्पाची कार्यशाळा. संध्याकाळी सगळे आवरून खाटेखाली गेले पाहिजे, असा घरमालकाचा दंडक होता. त्यामुळे अर्धवट राहिलेले मोठे काम ही चैन त्याला कधी परवडली नाही.

तो मूळचा चिकोडीकडचा. एकोणीसशे बावन्न साली बलुत्यावर दोन चुली चालेनात, तेव्हा थोरल्या भावाला, आप्पाजीला, गावात ठेवून तो बेंगळुरात आला. येताना रिकाम्या हाताने आला, हे शब्दशः खरे होते. त्यांच्या घराण्याचा नियम असा की वडिलांची अवजारांची पेटी घराची. जो घर सोडील त्याला तीतली पटाशीसुद्धा मिळायची नाही. खांडेनवमीला त्या पेटीची पूजा घरीच व्हायची. घरातल्या कुणी दुसरीकडे आपल्या अवजारांना हळदकुंकू वाहिले, तर तो वेगळा निघाला असे समजले जाई. कल्लाप्पाने बेंगळुरात रविवारच्या जुन्या बाजारातून एक करवत, एक रंधा आणि दोन पटाश्या घेतल्या होत्या. पण नवमीला तो त्या खाटेखालून बाहेर काढीत नसे. ‘‘खरी हत्यारं घरी हायती. ही नुसती पोटाची,’’ असे तो म्हणे.

पोटाची सोय देवाप्पाच्या वखारीत होती. येलहंक्याच्या रस्त्याला ही वखार. शहरात नवे कारखाने उभे राहत होते, त्यांच्यासाठी परदेशातून यंत्रे येत, आणि ती ज्या देवदारी खोक्यांतून येत ती खोकी देवाप्पा लिलावात उचली. खोकी फोडणे हे कल्लाप्पाचे सकाळपुरते काम. लांब फळ्या बांधकामवाले नेत. तोकड्या, भोकाभोकांच्या फळ्या बंबात जात. त्या तोकड्यांपैकी हव्या तेवढ्या घरी न्यायला देवाप्पाची ना नव्हती. ‘‘सागवान माग, तर नाही म्हणेन. कचरा मागतोस, त्याला कसं नाही म्हणू?’’ असे तो हसून म्हणे. सागवानाचे तुकडेही तेव्हा सुताराच्या हाती लागत नसत. या कचऱ्यातून कल्लाप्पा वठारातल्या लोकांना पाट, फडताळे, पाळण्याच्या दांड्या असले काहीबाही करून देई.

गोदूबाईंचे घराणे बेंगळुरात तीनशे वर्षांचे मुरलेले. त्यांच्या मराठीत ‘थोडे’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरे’साठी ‘सरी’ असे कानडी शब्द पेरलेले असत, आणि नवरात्रात त्यांच्या घरी गोंबे मांडले जात. ही बाहुल्यांची आरास मराठी घरांनीही इथलीच म्हणून केव्हाच आपली केली होती. आराशीला पायऱ्या लागतात, आणि पायऱ्या कुणाकडे नसत. मग ट्रंकेवर ट्रंक, तिच्यापुढे तुपाचे डबे, त्यापुढे पाट, असे रचून वर पांढरे धोतर पसरीत. एकदा का बाहुल्या बसल्या, की विजयादशमीला त्यांतली एक आडवी करून निजवीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. म्हणजे घरातल्या सगळ्या ट्रंका ऐन सणात देवाच्या ताब्यात.

छप्पन सालच्या नवरात्रात गोदूबाईंच्या यजमानांना, भीमसेनरावांना, कचेरीतून अचानक बढतीच्या मुलाखतीचे बोलावणे आले. ते सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचा एकुलता एक काळा कोट तिसऱ्या पायरीच्या पोटात होता. वर दशावतार बसलेले.

‘‘वराह आणि नरसिंह स्वल्प बाजूला सरकव,’’ भीमसेनराव म्हणाले.

‘‘तुमच्या बढतीसाठी मी नरसिंहाला हलवू?’’ गोदूबाई म्हणाल्या. ‘‘त्याने हिरण्यकशिपूला कुठे मारलं ठाऊक आहे ना? उंबऱ्यावर. तिथूनच तुम्हाला कचेरीला जायचंय.’’

अखेर कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडातल्या उमाकांताचा कोट मागून आणला गेला. उमाकांत वीतभर ठेंगणा. भीमसेनराव मनगटे मागे लपवीत मुलाखतीला गेले, आणि बढती दुसऱ्याला मिळाली. इंग्रजी टिपणे लिहिण्यात ते कच्चे होते हे वठाराला माहीत होते; पण ते स्वतः शेवटपर्यंत कोटालाच दोष देत राहिले. कल्लाप्पाने मात्र त्या दिवशी आराशीचे धोतर उचलून आतली ट्रंकांची रचना वाकून वाकून पाहिली आणि गोदूबाईंना म्हणाला, ‘‘अक्का, फुडल्या वर्साला मी तुमास्नी पायऱ्या करून देतो.’’

‘‘आणि दसरा झाला की त्या कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?’’

याचे उत्तर मिळायला पुढचा उन्हाळा गेला, आणि तोवर गोष्ट केवळ गोदूबाईंच्या पायऱ्यांची उरली नव्हती.

वैशाखात आप्पाजी स्वतः बेंगळुरात आला. गुडघे गेले होते, गाड्यांची कामे साचली होती. त्याने अंगणातल्या दगडावर बसून सरळ सांगितले, ‘‘दसऱ्याला घरी चला, मी न्यायला येतो. आता वेगळेपणा पुरे. न्हाई आलास, तर बापाची पेटी बसवंताच्या हातात देतो.’’ बसवंत हा चुलतभाऊ. कल्लाप्पा म्हणाला, ‘‘दसऱ्यापतोर बघू, दादा. हितं माझ्या हातचं काम उभं राहिलं तर राहीन. दुसऱ्याची खोकी फोडायचीच असतील, तर घरीच येतो.’’

भागुबाई आडोशातून ऐकत होती. गावच्या घरात जाऊबाई तानूबाईंचा कारभार. तिथे मीठसुद्धा मागून घ्यावे लागे, आणि मागितले की आधी विचारणा होई, ‘‘कालचं काय झालं?’’ इथल्या खोलीत चूल दोन वितींची होती, पण मिठाचे मडके तिचे होते. दुसऱ्या दिवसापासून वाकड्या खिळ्यांबद्दल कुरकुरणे तिने बंद केले.

कल्लाप्पाने आधी शिडीसारख्या मिटणाऱ्या पायऱ्या करून पाहिल्या. त्यांना बिजागऱ्या हव्यात. बाजारात चांगल्या मिळेनात आणि मिळत त्या आठ दिवसांत लुळ्या पडत. लांब फळी हवी, ती नव्हती. दोन तोकड्या फळ्या जोडून पाहिल्या, तर पितळी गणपती ठेवताच मधून वाकल्या. त्यात आणखी एक अडचण होती, आणि ती त्याची स्वतःचीच. वडिलांचे सांगणे असे की खिळा खाल्लेले लाकूड देवाच्या कामाला लावायचे नाही. ते जखमी असते. आणि त्याच्याकडे होते ते सगळेच लाकूड जखमी.

या पेचातून त्याने जी वाट काढली, ती भागुबाईला तेव्हा निव्वळ हट्ट वाटली. प्रत्येक भोक त्याने कोरून मोठे केले, गंजलेला भाग काढून टाकला आणि त्यात बांबूची खुंटी ठोकली. ‘‘जखम भरली की लाकूड शुद्ध,’’ हा त्याचा स्वतःचाच निवाडा. मग लक्षात आले की खुंटी ठोकायचीच आहे, तर तीच पायाच्या फळीत का उतरवू नये? तेव्हापासून जिथे भोक तिथे सांधा, असे ठरले. लोखंड एक कणभरही लागेना. सांधे कुठे यायचे हे मात्र परदेशातल्या कुठल्याशा माणसाने खोके ठोकताना आधीच ठरवून ठेवलेले. त्यामुळे एकामागून एक पाच लांबट बाके तयार झाली, ती पाचही वेगळ्या रुंदीची आणि वेगळ्या उंचीची. पुढे बुटके, मागे उंच अशी लावली की पायऱ्या होत. पण खोलीत दुसरे काही मावेना. भागुबाईला चुलीपर्यंत तिरके होऊन जावे लागे.

एक दिवस ज्वारी मोजून ती मापे ठेवीत होती. चिपटे मापट्यात, मापटे शेरात, शेर अडिसरीत. बाकाला तिसऱ्यांदा ठेच लागली तेव्हा तिचा तोल गेला.

‘‘माझी मापं बघा,’’ ती म्हणाली. ‘‘चार हायती, पर जागा एकाचीच खात्यात. तुमची पाच बाकं पाच जागा खात्यात. सुतारापरास कासार शाणा म्हणायचा.’’

कल्लाप्पाचे जेवण तसेच राहिले. त्याने बाके रुंदीप्रमाणे लावली, दोन बाकांचे पाय थोडे आत घेतले, एकाचे बाहेर, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांत बुटके बाक दुसऱ्याच्या पोटात सरकले, दुसरे तिसऱ्याच्या, आणि पाचही मिळून एका बाकाची जागा उरली. काम त्याने गावच्या पद्धतीने केले होते, म्हणजे सांध्यात केस जाऊ नये असे. त्याचे वडील नवे काम झाले की फटीत तंबाखूचे पान घालून पाहत; पान गेले तर थप्पड बसे. इथे पान जात नव्हते. आषाढात तो संच गोदूबाईंच्या घरी पोहोचला, आणि भागुबाईने मनातल्या मनात मिठाच्या मडक्याला हात लावून घेतला.

भाद्रपदात आठवडाभर पाऊस लागला. सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी गोदूबाईंनी बाहुल्या कापसातून काढल्या, पुसल्या, आणि पायऱ्या बाहेर ओढायला गेल्या. पायऱ्या हलेनात. भीमसेनराव आले, उमाकांत आला. दोघांनी ओढले तेव्हा पाचही बाके मिळून एकदम पुढे आली आणि उमाकांत बसकण मारून पडला.

‘‘आत माझा कोट नाही ना?’’ भीमसेनरावांनी गंभीरपणे विचारले.

अंगणात हशा पिकला. कल्लाप्पाला बोलावून आणले. त्याने बाकावर हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरलेला भागुबाईला दाराशी उभी असताना दिसला. देवदार पाणी प्याले होते. चिकोडीकडच्या कोरड्या हवेत शिकलेला घट्टपणा इथे पाचांचे एक करून बसला होता. उद्या घटस्थापना. हे निघाले नाही, तर गोदूबाई पुन्हा ट्रंका रचतील, वठार हसेल, आणि नऊ दिवसांनी आप्पाजी दारात उभा राहील.

‘‘शेगडी द्या,’’ तो एवढेच म्हणाला.

निखाऱ्यांची शेगडी बाकांच्या पोटाशी ठेवून तो बसला. मधूनमधून हाताने लाकूड चाचपीत होता, बाळाचे अंग पाहावे तसे. दिवेलागणीच्या सुमारास बुटके बाक किरकिरले आणि सुटले. मग पुढचे. सगळी सुटी झाल्यावर लोकांना वाटले, झाले. पण कल्लाप्पा घरून रंधा घेऊन आला आणि त्याने सगळ्यांच्या देखत प्रत्येक बाकाच्या बाजू तासायला सुरुवात केली. इतक्या की दोन बाकांच्या मधून बोट जावे.

‘‘अण्णा, एवढं सैल?’’ उमाकांत म्हणाला. ‘‘चांगलं घट्ट होतं की.’’

‘‘घट्ट बसलं ते तुमी बघितलंच की. तुमचं बूड दुखतंय अजून.’’

भागुबाईला ठाऊक होते की रंध्याच्या प्रत्येक ओढीबरोबर त्याच्या अंगावर बापाची एकेक थप्पड पडत होती. तो थांबला नाही. तिला आजवर त्याचा हट्ट माहीत होता. आपलाच हट्ट तासून काढणारा माणूस तिने त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी आरास मांडली, तेव्हा गोदूबाईंनी नवी शंका काढली. एकात एक बसायचे म्हणून सगळ्यांत खालची पायरी सगळ्यांत अरुंद होती आणि वरची रुंद.

‘‘कल्लाप्पाण्णा, हे गोपूर उलटं झालं.’’

‘‘दार उघडा, अक्का.’’

त्यांनी उघडले. दाराचे कवाड आत आले आणि खालच्या पायरीच्या अरुंद टोकापाशी अलगद थांबले. रुंद पायरी असती, तर दर वर्षीप्रमाणे अर्ध्या दारातून अंग चोरून यावे लागले असते. गोदूबाईंनी दार दोनदा लावून उघडले. ‘‘सरी,’’ त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गोपुराचे नाव काढले नाही.

गोंबे बघायला घरोघरच्या बायका येतात, ही या शहराची रीत. त्या वर्षी त्या दशावतार पाहत आणि मग धोतराची कड उचलून खाली पाहत. भीमसेनराव तर मोकळी झालेली ट्रंक रोज एकदा विनाकारण उघडून लावीत. पण बायकांचे कौतुक एका प्रश्नापाशी अडत होते. दहा दिवसांच्या सणासाठी एवढे लाकूड घरात कोण घेणार? चौथ्या दिवशी मल्लेश्वरच्या वसुमती नावाच्या बाई नेमके तेच बोलल्या, तेव्हा हळदीकुंकवाला आलेली भागुबाई कोपऱ्यातून म्हणाली, ‘‘बाई, दहा दिवस देवाचे. बाकी तुमचे. उंच बाकावर स्टोव्ह ठेवा, उभ्यानं सैपाक हुतोय. त्याच्या खालच्यावर पोरं लिवत बसतील. त्याच्या खालचं पावण्याला. सगळ्यात बुटकं धुणं धुताना बुडाखाली. पावणा गेला, की ढकला आत.’’

वसुमतीबाईंनी तिच्याकडे आणि बाकांकडे आळीपाळीने पाहिले. त्यांच्या घरात सासू, दोन दीर आणि पाच मुले होती. ‘‘पुढच्या नवरात्रापर्यंत थांबणार नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दिवाळीच्या आत द्या.’’ संध्याकाळपर्यंत आणखी तिघींनी तेच सांगितले.

साठ सालानंतर राजाजीनगरात ओळीने लहान घरे उठली, तेव्हा त्यांतल्या कितीतरी घरांत ही बाके गेली. कल्लाप्पाने वखार सोडली, पण देवाप्पाची तोकडी फळी सोडली नाही. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाने सागवान आणून दिले. त्याने ते आदराने बाजूला ठेवले आणि दोन दिवसांनी परत केले. म्हणाला, याला भोक नाही, सांधा कुठे घ्यायचा हे हे लाकूड सांगत नाही. घडी होणारे देव्हारे, खाटेखाली जाणारे मेज, भिंतीला टेकून उभी राहणारी शेल्फे, सगळे त्याने असेच केले. कुणी खोलीचे माप सांगू लागले, की तो आधी विचारी, ‘‘दार कुठल्या अंगाला उघडतंय?’’

पण ते सगळे पुढचे. सत्तावन्नच्या त्या खांडेनवमीच्या सकाळी हातात होते ते फक्त चार बायकांचे शब्द आणि वसुमतीबाईंसाठी पाच दिवसांत उभा केलेला एक संच. भागुबाई उठली तेव्हा कल्लाप्पा खोलीत आधीच जागा होता. खाटेखालून करवत, रंधा आणि दोन पटाश्या काढून त्याने एका बुटक्या बाकावर मांडल्या होत्या. तो त्यांना हात न लावता बसला होता. तिने हळदकुंकवाची कोयरी त्याच्या शेजारी ठेवली आणि ती आडोशात गेली. पूजा कर की करू नको, हे त्याला सांगायचे नाही, असे तिने रात्रीच ठरवले होते. थोड्या वेळाने तिने मागे वळून पाहिले. रंध्यावर कुंकू होते, आणि त्याचे बोट लाल होते.

घरची पूजा घरच्यांवर सोपवून रात्रीच्या गाडीने निघालेला आप्पाजी दहाच्या सुमारास आला. त्याने बाकावरचे कुंकू पाहिले आणि तो दारातच थांबला. पाणी दिले, ते प्याला. मग त्याने अंगणात ठेवलेल्या वसुमतीबाईंच्या संचाकडे मोर्चा वळवला. बसून बाके बाहेर ओढली, आत सारली. फटीत बोट घातले. बोट आरपार गेले.

‘‘बापानं बघितलं असतं तर?’’ तो म्हणाला.

‘‘मारलं असतं,’’ कल्लाप्पा म्हणाला.

‘‘मग हे असलं सैल काम कोण शिकवलं तुला?’’

‘‘हितल्या पावसानं.’’

आप्पाजीने खुंट्या मोजल्यासारख्या एकेक चाचपल्या. जखमी लाकडात लोखंड नाही, हे त्याच्या बोटांना कळले असावे, कारण त्याचा आवाज थोडा खाली आला. भागुबाई दाराच्या आड कुंकवाची कोयरी हातात घट्ट धरून उभी होती.

‘‘हात चांगला हाय तुझा,’’ आप्पाजी म्हणाला. ‘‘म्हणून तर जिवाला लागतंय. फळी तोकडी, हत्यारं जुनी, बसायला दुसऱ्याचं अंगण. गावात पडवी हाय, बापाची पेटी हाय, परसात दोन सागवानाची झाडं हायती. हीच बाकं तिथं ऐसपैस बसून कर. कोण अडवतंय तुला?’’

कल्लाप्पाने पाचही बाके एकेक करून आत सारली. शेवटचे बसल्यावर त्यावर हात ठेवून तो उठला.

‘‘गावात समद्यांकडं जागा हाय, दादा. तिथं माझं बाक घेणार कोण?’’